झेंडा कायले वर केला?

अमरावतीच्या राजापेठेत माझ्या मामांचं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, नळाच्या तोट्या, पत्र्याचे स्क्रू आणि कोपऱ्यात उंचावर टांगलेला एक टीव्ही. दुपारी गिऱ्हाईक पातळ झालं की तो टीव्ही सुरू होतो. २२ नोव्हेंबर २०२२च्या मंगळवारीही तो सुरू होता. कतारचा वर्ल्डकप, अर्जेंटिना विरुद्ध सौदी अरेबिया, आपल्याकडे दुपारी साडेतीनची मॅच. मामा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे. तरुणपणी कबड्डी खेळलेला माणूस. मेस्सी हे नाव ठाऊक, बाकी फुटबॉलशी देणंघेणं नाही.

दहाव्या मिनिटाला मेस्सीनं पेनल्टीवर गोल मारला. मामांनी टाळी वाजवली. थोड्या वेळानं मेस्सीनं आणखी एक मारला, तो कापला. मग लाउतारो मार्टिनेझनं एक मारला, तोही कापला. त्यानंच पुन्हा एक मारला आणि तोही गेला. कधी कडेच्या माणसाचा झेंडा, कधी पडद्यावर आखलेली रेषा.

"झेंडा कायले वर केला बे त्यानं?" मामा वैतागले. आणि कोणी काही बोलायच्या आत निकालही देऊन मोकळे झाले, "सौदीवाल्याईनं पंच इकत घेतला. पैशाले काय कमी हाय त्याईच्यापाशी?"

त्यांची नात शेजारी स्टुलावर बसली होती. तेव्हा सातवीत होती, शाळेच्या फुटबॉल संघात नुकतीच निवड झालेली. ती म्हणाली, "आबाजी, ऑफसाइड होता."

"म्हंजे?"

"म्हंजे ऑफसाइड."

दुकानात आम्ही सहा जण होतो. त्यात दोन प्लंबर, एक गल्ल्यावरचा पोरगा, मी. ऑफसाइड हा शब्द सगळ्यांना माहीत होता आणि मामांना समजेल असा अर्थ एकालाही सांगता येईना. अर्ध्या तासात अर्जेंटिना सातव्यांदा ऑफसाइड पकडली गेली होती म्हणा किंवा पाचव्यांदा, आम्ही मोजणं सोडून दिलं होतं. (पूर्वार्धाचा आकडा सातच होता, हे नंतर वाचलं.) उत्तरार्धात सौदीनं पाच मिनिटांत दोन गोल ठोकले आणि २-१ अशी मॅच जिंकली. मामांचा पंचाबद्दलचा संशय पक्का झाला.

मला जास्त लाज वाटली, कारण मी एकेकाळी हातात झेंडा धरलेला माणूस आहे. तीसेक वर्षांपूर्वी एका मोहल्ल्याच्या स्पर्धेत लाइनमन आलाच नाही, आणि चष्मा लावणारा पोरगा शहाणा असतो या समजुतीनं आयोजकांनी झेंडा माझ्याकडे दिला. दुसऱ्याच मिनिटाला थ्रो-इन झाला, चेंडू पुढे एकट्या उभ्या असलेल्या पोराकडे गेला, आणि मी मोठ्या रुबाबात झेंडा वर केला. दोन्ही संघ मिळून माझ्या अंगावर धावून आले. थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो. कॉर्नरवर नसतो आणि गोलकिकवरही नसतो. हे मला त्या दिवशी ज्या भाषेत शिकवलं गेलं ती दिवाळी अंकात छापता येणार नाही.

तर मामांना ऑफसाइड समजला तो दुसऱ्या दिवशी, आणि तो नातीनंच समजावला. काउंटरच्या काचेवर तिनं चार नट एका ओळीत मांडले. हे सौदीचे बॅक. त्यांच्या मागे एक मोठा नट, तो गोलकीपर. दोन बोल्ट म्हणजे अर्जेंटिनावाले. वायसर म्हणजे चेंडू.

"आबाजी, चेंडू ज्याच्या पायातून सुटला, त्या टायमाले हा पुढचा बोल्ट कुठं हाय ते पायायचं. नटाईच्या वळीच्या मांगं निंगाला असन, तर ऑफसाइड. चेंडू सुटल्यावर पळाला तर काही नाई."

नियमाची पुस्तकी भाषा अशी: प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात, चेंडूच्या पुढे आणि प्रतिस्पर्ध्याच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे जो उभा आहे तो ऑफसाइड जागेवर. शेवटून दुसरा का, तर शेवटचा बहुतेक वेळा गोलकीपर असतो. बरोबरीत असेल तर चालतं. हात मोजत नाहीत, कारण हातानं गोल मारता येत नाही. आणि नुसतं तिथं उभं राहणं हा गुन्हा नव्हे. त्या जागेवरून खेळात हात घातला, म्हणजे चेंडू घेतला किंवा गोलकीपरची नजर अडवली, तरच शिट्टी.

अवघड जातं ते "चेंडू सुटला त्या क्षणी" हे. आपण चेंडूच्या मागे डोळे नेतो, आणि चेंडू पोहोचेपर्यंत पुढचा गडी चार पावलं पळालेला असतो. त्यामुळे तो घरी बसून बघणाऱ्याला नेहमीच ऑफसाइड वाटतो, किंवा कधीच वाटत नाही. क्रिकेटमधला रनआउट आठवा. बॅट नंतर कुठं पोहोचली याला किंमत नाही, बेल्स उडाल्या त्या क्षणाचं चित्र गोठवायचं. इथं पास निघाला त्या क्षणाचं गोठवायचं. कतारमध्ये हे काम मैदानाच्या छताखाली बसवलेले बारा कॅमेरे करत होते, आणि चेंडूच्या पोटातला सेन्सर सेकंदाला पाचशे वेळा खबर देत होता. तीस वर्षांपूर्वीच्या माझ्या चष्म्याकडून तेवढी अपेक्षा करणं अन्यायाचं होतं.

नातीनं मग चारही नट एकदम पुढे सरकवले. काल सौदीनं हेच केलं, ती म्हणाली. मेस्सीच्या पायातून चेंडू सुटणार असं दिसलं की चौघे एकदम वर यायचे, आणि अर्जेंटिनाचा पुढचा गडी आपोआप मागे राहून ऑफसाइड व्हायचा.

मामा काचेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आन् यातला एखांदा मांगं रायला त?"

"मंग सगळं गेलं. सगळेच ऑनसाइड."

"म्हंजे साखळी हाय ना बे ही!"

मी खुर्चीत सरळ बसलो. कबड्डीत चढाई करणाऱ्याला पकडायला बचावपटू एकमेकांचे हात धरून साखळी करतात. साखळीनं एकदम पुढे यायचं असतं. एकानं हात सोडला, अर्धं पाऊल उशीर केला की चढाईवाला तिथूनच निसटतो. ऑफसाइडचा सापळा म्हणजे हात न धरता केलेली साखळी. फुटबॉलवरची बरीच पुस्तकं चाळली आहेत मी, पण इतकं चपखल कुठं वाचलं नव्हतं. आणि सौदीच्या कालच्या खेळात केवढी हिंमत होती हेही त्या एका शब्दानं कळलं. एक जण चुकला असता तर मेस्सी आणि गोलकीपर यांच्यामध्ये उघडं मैदान होतं.

नियम असा का, याचं उत्तर आपल्या गल्लीत आहे. गल्लीच्या फुटबॉलमध्ये ऑफसाइड नसतो, म्हणून पळायचा कंटाळा असलेला एक जण समोरच्या गोलाशी जाऊन उभा राहतो आणि आयता चेंडू ढकलतो. इंग्लंडात १८६३ साली नियम लिहिले गेले तेव्हा चेंडूच्या पुढे असलेला कोणीही बाद होता, पुढे पास देताच येत नसे. १८६६मध्ये पुढे तीन प्रतिस्पर्धी असले तर चालेल असं ठरलं, १९२५मध्ये तिनाचे दोन झाले, १९९०मध्ये बरोबरीत असलेल्याला सूट मिळाली. दीडशे वर्षं हा नियम हळूहळू गोल मारणाऱ्याच्या बाजूनं सरकतो आहे.

अमरावतीला खेळाचं वावडं नाही, हे इथं सांगायला हवं. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं, वैद्य बंधूंनी उभं केलेलं. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकानं तिथं कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. म्हणजे ज्या गावानं जगाला कबड्डी दाखवली, त्या गावातल्या माणसाला कबड्डीच्या डोळ्यानं फुटबॉल बघू द्यायला काय हरकत आहे? गंमत अशी की तो डोळा जिथं मदत करतो तिथं फार करतो, आणि जिथं फसवतो तिथं पार फसवतो.

रेषेचंच घ्या. कबड्डीत पाय रेषेबाहेर टेकला की गडी बाद. क्रिकेटमध्ये चेंडू दोरीला लागला की चौकार. दोन्ही खेळांनी आपल्याला शिकवलं, की सीमेला शिवलं म्हणजे संपलं. फुटबॉलमध्ये उलटं. रेषा मैदानाचाच भाग. चेंडू पूर्ण, अख्खाच्या अख्खा, रेषेच्या पलीकडे गेला तरच बाहेर, जमिनीवरून जावो वा हवेतून. गोलालाही हाच हिशेब. त्याच वर्ल्डकपात जपान-स्पेन मॅचमध्ये जपानच्या मितोमानं गोलरेषेवरून चेंडू आत ओढला आणि तनाकानं तो गोलात ढकलला. बाजूनं पाहिलं तर चेंडू आणि रेषा यांच्यामध्ये हिरवं गवत स्वच्छ दिसत होतं. जगभर बोंब झाली. पण चेंडू गोल असतो. जमिनीला टेकलेला भाग बाहेर असला तरी वरून पाहिल्यावर त्याच्या फुगवट्याची कड रेषेवर लोंबत होती, दोन मिलिमीटरहून कमी. गोल धरला गेला, जपान २-१ जिंकला आणि जर्मनी स्पर्धेबाहेर गेली. मामांना हे पटवायला मी काउंटरच्या कडेवर एक लिंबू ठेवलं आणि वरून बघायला लावलं. पटलं. लिंबू नंतर चहात गेलं.

दुसरी फसवणूक बाद होण्याची. कबड्डीत बाद झालेला गडी परत येतो. आपल्या संघानं गुण घेतला की एकेक जण जिवंत होतो. फुटबॉलमध्ये लाल कार्ड मिळालेला परत येत नाही आणि त्याच्या जागी दुसराही येत नाही. अकराचे दहा. दोन पिवळी मिळून एक लाल. संघाचे सातपेक्षा कमी उरले तर मॅचच पुढे चालवता येत नाही. ही कार्डं आली १९७०च्या मेक्सिको वर्ल्डकपापासून, आणि ती सुचली केन ॲस्टन या इंग्लिश पंचाला, लंडनमध्ये गाडी चालवताना चौकातला सिग्नल पिवळ्याचा लाल झालेला बघून. आमच्या राजापेठ चौकात सिग्नल बघून कोणाला काही सुचल्याचं ऐकिवात नाही. बऱ्याच जणांना तो दिसतच नाही.

तिसरी वेळेची. पंचेचाळीस मिनिटांचे दोन भाग, मध्ये जास्तीत जास्त पंधरा मिनिटांची विश्रांती, आणि घड्याळ थांबत नाही. कोणी पाय धरून लोळतंय, कोणी गोल मारून कोपऱ्यात नाचतंय, बदली खेळाडू आरामात चालत बाहेर येतोय, घड्याळ चालूच. वाया गेलेली ही वेळ पंच मनात मोजतो आणि शेवटी जोडतो. कतारमध्ये इंग्लंड-इराण मॅचला नुसत्या पूर्वार्धात चौदा मिनिटं जोडली होती, इराणच्या गोलकीपरच्या डोक्याला मार लागला होता म्हणून. तेव्हा नव्वद झाली की उठू नका. आणि पडद्यावर "+५" दिसलं तरी ती किमान पाच असतात.

हाताचा नियम सर्वांत भांडखोर. चेंडू हाताला लागला की हँडबॉल, असं आपण ओरडतो. तसं नाही. हात मुद्दाम नेला का, किंवा अंग विनाकारण मोठं दिसेल असा तो पसरलेला होता का, हे पंच बघतो. म्हणून बॅक लोक आपल्या गोलासमोर हात पाठीमागे बांधून उभे राहतात, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे. मारणाऱ्याला मात्र सूट नाही: स्वतःच्या हाताला चुकून जरी लागून गोल झाला तरी रद्द. १९८६च्या २२ जूनला मेक्सिकोच्या ॲझटेक स्टेडियममध्ये माराडोनानं इंग्लंडविरुद्ध हातानं गोल केला, तो मान्य झाला आणि देवाच्या हाताचा म्हणून अजरामर झाला. आज तो एका मिनिटात कापला गेला असता. २०१८पासून वर्ल्डकपात व्हिडिओ पंच आहेत. पण कतारपर्यंत ते चारच गोष्टींत तोंड घालत: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड, आणि चुकीच्या माणसाला दिलेलं कार्ड. साध्या फाउलवर, कॉर्नरवर, दुसऱ्या पिवळ्यावर ते गप्प बसत. "रिव्ह्यू घ्या ना" असं टीव्हीसमोर ओरडून उपयोग नाही, कर्णधाराला तसा हक्कच नाही. ही क्रिकेटची सवय.

आणि "अगोदर चेंडूलाच पाय लागला होता!" हे वाक्य तर कायमचं सोडून द्या. चेंडूला पाय आधी लागला तरी पुढे गडी आडवा केला, धोका होईल असा घुसला, तर फाउल तो फाउलच.

एवढे नियम कळले तरी मॅच दिसत नाही. मला हे गेल्या पावसाळ्यात कळलं, तेही मैदानावर. नात आता दहावीत आहे, बोर्डाच्या वर्षातही सकाळी सरावाला जाते, आणि घरात त्यावरून रोजचं महाभारत चालायचं. एक दिवस तिला सोडायला मी गेलो आणि थांबलो. वऱ्हाडची काळी माती पावसात काय करते हे शेतकऱ्याला सांगायला नको. बुटाला पायलीभर चिखल, चेंडूला आणखी वेगळा. सव्वाचारशे-साडेचारशे ग्रॅमचा चेंडू, पण चिखलात तो नारळासारखा पडतो, उसळत नाही.

सर मुलींना एकच गोष्ट करून घेत होते. हातानं उंच चेंडू टाकायचा, आणि मुलीनं तो पायावर असा घ्यायचा की तो तिथंच मरावा. फक्त एवढंच, पाऊण तास. मी विचारलं, किक कधी शिकवता? सर हसले. म्हणाले, "काका, किक तर गाढवही मारते. चेंडू आला तेव्हा पाय मांगं घ्यायचा, अंडं झेलल्यासारखा. ते आलं की पोट्टी अर्धी तयार."

याला खेळाडू पहिला टच म्हणतात. सामान्य बघ्याला जो खेळाडू "सहज खेळतो" असं वाटतं, त्याची सहजता बहुतेक इथं असते. चेंडू त्याच्या पायाशी येऊन थांबतो. दुसऱ्याचा हातभर पुढे उसळतो, आणि त्या हातभरात बॅक पोहोचतो. पास देताना सर टेकलेला पाय बघायला सांगत होते, मारणारा नव्हे: टेकलेल्या पायाचं बोट जिकडे, चेंडू तिकडे, घोटा घट्ट, पायाची आतली बाजू म्हणजे रुंद थापी. गोलावर मारताना बुटाच्या नाडीवर चेंडू घ्यायचा आणि धड चेंडूवर झुकलेलं ठेवायचं. टीव्हीवर कोणी मोकळ्या गोलासमोरून आकाशात मारला, तर पुन्हा दाखवतील तेव्हा बघा, त्याचं धड मागे गेलेलं असेल. हेडर कपाळानं, डोळे उघडे ठेवून, मानेच्या जोरावर. टाळूवर घेतला तर संध्याकाळपर्यंत आठवण राहते.

मग सर नातीकडे बोट दाखवून म्हणाले, "तिची मान पाहा." तिच्याकडे अजून चेंडू आला नव्हता. पण येण्याआधी तिनं एकदा डाव्या खांद्यावरून मागे पाहिलं, एकदा उजव्या. चेंडू आला तेव्हा ती वळली होती आणि पुढचा पास कुठं द्यायचा हे तिला माहीत होतं. बाकीच्या मुली चेंडू घेत, मग मान वर करत, मग शोधत. तोवर कोणीतरी अंगावर आलेलं असायचं.

त्या दिवसापासून मी टीव्हीवर माना बघतो. चेंडू येण्याच्या आधी दोन सेकंद. ज्याची मान सतत फिरते तो खेळाडू कोण आहे हे नाव न वाचता सांगता येतं, की हा संघाचा मेंदू.

एक साधा हिशेब करा. नव्वद मिनिटांत चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो साधारण तासभर किंवा त्याहून कमी. मैदानावर बावीस जण. वाटून पाहिलं तर एकाच्या पायाशी चेंडू येतो तीन मिनिटांच्या आत. उरलेला सगळा वेळ तो चेंडूशिवाय पळत, थांबत, ढकलत, फसवत असतो. आपण मात्र नव्वद मिनिटं चेंडूच बघतो आणि मग म्हणतो, गोल तर एकच झाला, यात आहे काय! माझं मत विचाराल तर नियम न कळल्यानं कोणी फुटबॉलला कंटाळत नाही. नजर चेंडूला चिकटल्यानं कंटाळतो. कबड्डीत चढाईवाला बघावाच लागतो, क्रिकेटमध्ये गोलंदाजाच्या हातातला चेंडू बघावाच लागतो. तीच सवय इथं अडते.

कोल्हापूरकर हे वाचून हसतील. तिथं मामांसारखा माणूस शोधूनही सापडायचा नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे फुटबॉल संघ. कुस्तीच्या मातीतून उठून पोरं शाहू स्टेडियमवर जातात, आणि मॅच असली की अख्खी पेठ मागोमाग. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालच्यांचा वर्ल्डकप झाला, त्यात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. आपल्या विदर्भात कामठीला छावणीच्या काळापासून फुटबॉल आहे. नागपुरात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१च्या पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडताना पाहिली आणि त्यांच्या हाती चेंडू दिला. नागराज मंजुळेंचा 'झुंड' त्यावरच बेतलेला. पेठ आमचीही आहे, पण राजापेठेचा संघ नाही. इथं पेठ म्हणजे दुकानं, पूल आणि बडनेऱ्याकडे जाणारी गर्दी.

मोठ्यांचा वर्ल्डकप भारतानं कधी खेळला नाही. १९५०ला जायची संधी होती. बूट नव्हते म्हणून गेलो नाही ही कथा लोकांना आवडते. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते आणि फ्रान्सकडून २-१ असे जेमतेम हरले होते, हे खरं. पण १९५०ला न जाण्याचं मोठं कारण असं, की आपल्या महासंघाला तेव्हा ऑलिंपिकपुढे वर्ल्डकपची किंमत वाटली नाही. पुढे १९५६ला मेलबर्नमध्ये आपण चौथे आलो, मुंबईतून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले. पुरुषांची गाडी त्यानंतर कुठं कुठं अडली ते लिहायला वेगळा अंक लागेल. मुलींचं मात्र लिहिण्यासारखं आहे: ५ जुलै २०२५ला थायलंडमध्ये थायलंडलाच २-१ हरवून आपल्या बायकांचा संघ २०२६च्या आशियाई चषकाला पात्र ठरला, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्या रात्री नातीनं घरात जो दंगा केला त्यानंतर सकाळच्या सरावावरचं महाभारत बरंच निवळलं.

परत २०२२कडे येतो, कारण मामांची परीक्षा तेव्हाच झाली. १८ डिसेंबर, रविवार, रात्री साडेआठ. फायनल, अर्जेंटिना-फ्रान्स. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, आत वीसेक माणसं, गिला वड्याची पार्सलं. छत्तिसाव्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या अर्ध्यात चेंडू मॅक ॲलिस्टरकडे आला, त्यानं तो मेस्सीला दिला, मेस्सीनं पायाच्या एका झटक्यात अल्वारेझकडे वळवला. आम्ही सगळे मेस्सीच्या पायाला वाहवा देत होतो. मामा उभे राहिले आणि पडद्याच्या दुसऱ्याच कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"थो पाय, थो! देऊन थांबला नाई, पयतच रायला!"

मॅक ॲलिस्टर चेंडू देऊन थांबला नव्हता. अर्धं मैदान तो रिकामा पळत होता, आणि कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं, फ्रान्सचे बॅकसुद्धा. अल्वारेझनं चेंडू पुन्हा त्याच्याच पुढे सोडला, त्यानं तो आडवा केला, डी मारियानं संघाचा दुसरा गोल मारला. दुकानात आरडाओरडा. मामा शांत बसले. चेंडू नसलेला माणूस त्यांनी आधी पाहिला होता.

पुढची मॅच सगळ्यांना ठाऊक आहे. ८०व्या आणि ८१व्या मिनिटाला फ्रान्सच्या एम्बापेचे दोन, जादा वेळेत १०८व्याला मेस्सी, ११८व्याला पुन्हा एम्बापे, ३-३. आणि जादा वेळेच्या अगदी शेवटी अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझ यानं डावा पाय पसरून अडवलेला फ्रान्सच्या कोलो मुआनीचा फटका. मग पेनल्ट्या. अकरा मीटरवर चेंडू, सव्वासात मीटर रुंद गोल, गोलकीपरचा निदान एक पाय रेषेवर. अर्जेंटिना ४-२. मामांनी एकच प्रश्न विचारला आणि तो मला अजून सोडवता आलेला नाही: दोन तास साखळीनं खेळलेल्या खेळाचा निकाल शेवटी एकेकट्यानं का लावायचा?

पुढचा वर्ल्डकप ११ जून २०२६ला सुरू होतोय, माराडोनाच्या त्याच ॲझटेक स्टेडियममध्ये. या वेळी संघ अठ्ठेचाळीस, मॅचेस एकशे चार, उझबेकिस्तान आणि जॉर्डन पहिल्यांदाच. एक नवा नियमही दिसेल: गोलकीपरनं चेंडू हातात आठ सेकंदांहून जास्त धरला तर समोरच्याला कॉर्नर. पंच शेवटचे पाच सेकंद हात वर करून बोटांवर मोजतो, तेव्हा तो कोणाला रामराम करतोय असं समजू नका. अमेरिकेतल्या वेळा आपल्याला गैरसोयीच्या, मध्यरात्र किंवा पहाट. सगळ्या मॅचेस बघणं शक्य नाही आणि गरजही नाही. एक मॅच निवडा, पहिली दहा मिनिटं चेंडू सोडून कुठल्याही एका खेळाडूला धरा, आणि तो काय करतो तेवढंच बघा.

फायनल १९ जुलैला न्यू जर्सीत दुपारी तीनला आहे. राजापेठेत तेव्हा २० जुलै, रात्रीचे साडेबारा वाजलेले असतील. मामांनी शटर अर्धं उघडं ठेवायचं कबूल केलं आहे. स्टूल आपापलं आणायचं.